नीलकंठ घनपाठींची बाग

नीलकंठशास्त्री बोलायचे थांबले, त्याला दोन कारणं होती. एक डॉक्टरांना माहीत होतं. दुसरं फक्त इरावतीला, त्यांच्या मुलीला.

पहिलं कारण मेंदूतला झटका. आश्विनातल्या एका सकाळी पाठशाळेत संथा देता देता त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरला आणि तोंडातली ऋचा मधेच तुटली. हात पुढे बराचसा परत आला. चालणं आलं, स्वतःच्या हाताने जेवणं आलं. वाचा तेवढी आली नाही. डॉक्टर म्हणाले, यांना कळतं सगळं. शब्दही आत शाबूत आहेत, पण एक मागायला जावं तर दुसराच हाती येतो. बोलताना तसं, लिहितानाही तसंच. सराव चालू ठेवा, पहिले काही महिने फार मोलाचे असतात.

दुसरं कारण त्या सरावातच घडलं. दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या खोलीत एका हसऱ्या मुलीने त्यांच्यासमोर कपाचं चित्र धरलं. शास्त्रींनी पुष्कळ वेळ चित्राकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग ते म्हणाले, "दार."

मुलीने टाळ्या वाजवल्या. "बहुत बढ़िया, बाबूजी. बहुत अच्छी कोशिश."

इरावती शेजारच्या खुर्चीवर होती. तिने वडिलांचा चेहरा पाहिला. शब्द चुकला हे त्यांना कळलं होतं, आणि चुकलेल्या शब्दाला टाळी पडली हेही. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. पुढच्या खेपेला दवाखान्यात जायचं म्हटल्यावर ते पाटावरून उठलेच नाहीत.

गंगाकाठच्या मंगला गौरीच्या त्या गल्लीत सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते घनपाठी होते. वेदाचे शब्द एकामागून एक म्हणणारे पुष्कळ असतात; घनपाठी तेच शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे एकमेकांत गुंफून म्हणतो. मधला एक स्वर हलला तरी सगळी वीण उसवते. उभा जन्म त्यांनी ती वीण सांभाळली. शिकवण्याची रीतही त्यांना वडिलांकडून आलेली. विद्यार्थी चुकला की काय चुकलं ते सांगायचं नाही, नुसती तर्जनी वर करायची. मुलाने थांबायचं, आणि अडला तिथून नव्हे, अगदी आरंभापासून पुन्हा म्हणायचं. एका पावसाळ्यात एका मुलाकडून त्यांनी वेदातला एकच अनुवाक दुपारभर म्हणवून घेतला होता. मुलगा रडला, पण त्याचा तो अनुवाक पुन्हा कधी चुकला नाही. चुकीवर पाय देऊन पुढे जाता येत नाही, असं ते म्हणत.

इरावती मुलींच्या इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा दोघंच होते. बाबा बोलघेवडे कधीच नव्हते, पण इरे, भाजीत मीठ कमी आहे, कॉलेजातून उशीर का झाला, खिडकी लाव, माकडं येतील, एवढं तरी बोलत. आता तेही नव्हतं. तिला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. ऋचा नको, आशीर्वादही नको. एक साधं वाक्य, त्यांनी स्वतः जुळवलेलं, सुरुवात असलेलं आणि शेवट असलेलं. ते ऐकलं किंवा वाचलं की बाबा परत आले असं ती धरून चालणार होती. कुणाला तिने हे सांगितलं नव्हतं, पण रोज सकाळी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवताना ती क्षणभर जास्त उभी राहायची.

तिचा धाकटा भाऊ कुणाल हैदराबादेत सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. माघात एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, बाबांना टायपिंग येतं ना अजून?"

"येत होतं. पाठशाळेचे पाठ त्यांनीच तर कंप्यूटरवर चढवले. दोन बोटांनी. आता कोण जाणे."

"एक खेळ आहे. ब्राउझरमध्येच चालतो. आपण दिवसभर जे काही टाइप करतो ना, मेल म्हण, निरोप म्हण, काहीही, त्यातल्या प्रत्येक बटणामागे पाण्याचा एक थेंब मिळतो. थेंबांवर बाग वाढते. ब्लॉकचेनवर आहे, टोकनंही देतात."

"म्हणजे सट्टा."

"सट्टा कसला, त्या टोकनांत चहासुद्धा येणार नाही. पुढचं ऐक. काय टाइप केलं ते हा खेळ बघतच नाही. अक्षरं कंप्यूटरबाहेर जात नाहीत. किती बटणं दाबली आणि किती अंतराने दाबली, एवढंच मोजतो. बरोबर नाही, चूक नाही. कळतंय का मी काय म्हणतोय?"

इरावतीला कळलं. जगात अशी एक जागा होती जिथे बाबांच्या चुकलेल्या शब्दाला कोणी ऐकणार नव्हतं, सुधारणार नव्हतं, आणि टाळीही देणार नव्हतं. तिथे त्याचं नुसतं पाणी होणार होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने खिडकीपाशी लॅपटॉप मांडला आणि बाबांना शेजारी बसवलं. कुणाल फोनच्या स्पीकरवर होता. खालच्या मजल्यावरच्या शरदिनीमावशी वाटीभर चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, घेऊन वर आल्या होत्या, त्याही वेताचा मोडा ओढून बसल्या. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. कुठलाही व्यवहार आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय पक्का होत नाही असा त्यांचा समज.

आधी ब्राउझरच्या कोपऱ्यात खेळाचं छोटं चिन्ह बसवायचं होतं. ते बसलं. मग वॉलेट उघडायचं होतं.

"वॉलेट कशाला?" मावशींनी विचारलं.

"बाग बाबांची आहे याचा पुरावा, मावशी," कुणाल फोनमधून म्हणाला. "ईमेल, पासवर्ड काही नाही. बारा इंग्रजी शब्द देतील, ते लिहून ठेवायचे. हरवले तर बाग गेली. ताई, लिहिलेस?"

"लिहिले. गॅसच्या पुस्तकात ठेवलेत."

"अच्छा, म्हणजे जमिनीची खतौनी गॅसच्या पुस्तकात," मावशी म्हणाल्या. "चोराला सापडायची नाही. इरावतीलाही सापडायची नाही."

इरावती हसली. तिने भाषेच्या जागी हिंदी निवडली. मराठी त्या यादीत नव्हती. मग बियाणं निवडायचं होतं. पडद्यावर चार बिया आल्या. बाबांनी बोट पुढे केलं आणि आवळ्यावर टेकवलं. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी कशातून तरी काही निवडलं होतं.

"आता ब्लॉकचेन म्हणजे काय ते बाबांना सांग, ताई. नाहीतर म्हणतील काय पोरखेळ आहे."

इरावतीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. वर्गात समजावायची तसं ती सावकाश म्हणाली, "बाबा, दिवसाचे जेवढे थेंब होतील त्यांची संध्याकाळी एक नोंद होते. त्या नोंदीत आदल्या नोंदीची खूण असते. तिच्यात तिच्या आदल्या नोंदीची. आणि ही साखळी एकाच्या घरी नाही, हजारो ठिकाणी आहे. कोणी मधेच एखादी नोंद बदलली तर पुढच्या सगळ्या खुणा जुळेनाशा होतात आणि चोरी लगेच उघडी पडते."

शास्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर केले, डाव्या हाताचं बोट उजव्या हाताच्या बोटात अडकवलं, पुढचं पुढच्यात, आणि उलट दिशेनेही तसंच. बोटांची वीण तिच्यासमोर धरून त्यांनी भुवया उंचावल्या.

"हो," इरावती म्हणाली. "अगदी घनासारखंच."

"काय झालं? काय म्हणाले?" कुणाल विचारत राहिला.

"म्हणाले, यात नवीन काय," मावशींनी उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळची संध्या उरकली की लॅपटॉपसमोर बसू लागले. ब्राउझरमध्ये एका बाजूला बाग आणि दुसऱ्या पानावर लिहायला कोरा कागद, असं इरावतीने लावून दिलं होतं. ते काय लिहितात ते बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. त्यांच्या पाठीमागे कोणी उभं नाही, हाच तर औषधाचा गुण होता. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता नुसता आवाज ऐकायची. आधी एकेक बटण, मोठ्या अंतराने. टक. मग बऱ्याच वेळाने टक. आणि मधूनच एक सलग, जलद, न अडखळणारी ओळ: टक टक टक टक टक. ती लाटणं थांबवायची. असा ओघ म्हणजे आतली वाट मोकळी होत असणार.

बागेत आवळा रुजला. आवळ्याशेजारी चाफा आला, मग विहीर, विहिरीपाशी एक मोर. थेंबांचा आलेख खेळच काढून द्यायचा; त्याची रेघ आठवड्यागणिक वर जात होती. इरावतीला आलेख वाचायची सवय होती. ही रेघ डगमगत नव्हती. पहिल्या आठवड्याच्या तिप्पट, मग पाचपट. बाग कोणालाही बघता येत असल्यामुळे कुणाल हैदराबादेत बसून फोनवर ती बघायचा आणि ऑफिसातल्या लोकांना दाखवायचा.

"माझ्या टीममध्ये एवढं कोणी टाइप करत नाही, ताई. बाबा ग्रंथ लिहितायत की काय?"

"लिहू दे. लिहितायत हे काय कमी आहे?"

बाबांचं जेवण सुधारलं. दुपारी ते गच्चीवरच्या जाळीतून गंगेकडे बघत उभे राहू लागले. एकदा मावशी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "काय गुरुजी, पीक कसं आहे यंदा?" आणि बाबांनी तळहात जमिनीपासून गुडघ्याइतका वर नेऊन दाखवला. मावशींनी हे गल्लीभर सांगितलं.

फाल्गुनात दवाखान्यातून फोन आला. थेरपीच्या जागा कमी आहेत, तुमची ठेवायची का दुसऱ्या कोणाला द्यायची? इरावतीने आलेखाकडे पाहिलं. बाबांना तिकडे नेण्यासाठी करावी लागणारी ओढाताण तिला आठवली.

"दूसरे को दे दीजिए," ती म्हणाली. "घर पर बहुत अच्छा चल रहा है."

चैत्र लागला. सुटीचा दिवस होता, सकाळचे नऊ वाजले असतील. इरावती गव्हात हात घालून बसली होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी हाताने खूण केली, ये.

पडद्यावर बाग करडी झाली होती. आवळा, चाफा, विहीर, मोर, सगळ्यावरचा रंग उतरला होता. वर हिंदीत चौकट होती. या खात्यावरचं टायपिंग माणसाचं वाटत नाही. बटणांमधल्या अंतरांचा एकच क्रम हजारो वेळा जसाच्या तसा आला आहे. हे यंत्राकडून करून घेतलं जात असावं. बाग थांबवण्यात आली आहे. आपण माणूस असल्यास खालचं वाक्य दोन मिनिटांत लिहून दाखवा. तीन वेळा संधी मिळेल.

इरावतीला आधी राग आला. तिच्या बाबांना यंत्र म्हणणारे हे कोण? मग ती म्हणाली, "काही नाही बाबा. ते विचारतायत तुम्ही खरेच आहात ना. एवढं वाक्य लिहा, की झालं."

वाक्य साधं होतं. आज मौसम अच्छा है और मैं नदी किनारे टहलने जा रहा हूँ. बाबा बसले. ती पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली. वरती वेळाची हिरवी पट्टी आखडू लागली.

समोर बघून लिहायचं होतं, त्यामुळे शब्द शोधण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी 'आज' लिहिलं. बोट प्रत्येक बटणावर थोडं तरंगून मग खाली यायचं. मौसम लिहिताना उजव्या हाताचं बोट घसरलं आणि एक अक्षर जास्तीचं पडलं. बाबा थांबले. मग त्यांचं बोट खोडायच्या बटणावर गेलं आणि टक टक टक टक टक, सलग, जलद, न अडखळता, एकेक अक्षर पुसत ते ओळीच्या आरंभापर्यंत गेले. बटण दाबून धरलं की सगळं एकदम पुसतं हे त्यांना माहीत नव्हतं, किंवा तसं करणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं. कोऱ्या ओळीवर त्यांनी पुन्हा 'आज' लिहिलं.

स्वयंपाकघरातून ऐकलेला ओघ तो हा होता. इरावती तशीच उभी राहिली.

एवढे महिने वर चढलेली रेघ काय मोजत होती ते तिला आता दिसत होतं. बटणं मोजत होती. तसं तिला कुणालने सांगितलं होतंच, आणि तिने तेच तर आवडून घेतलं होतं. लिहिलेलं बटण आणि पुसलेलं बटण, दोन्हींचा थेंब सारखाच. वर्गात ती दरवर्षी पहिल्याच दिवशी मुलींना विचारायची, तुमचं उपकरण नेमकं काय मोजतंय?

पट्टी संपली. चौकट म्हणाली, वाक्य पूर्ण झालं नाही. दोन संधी बाकी.

"बाबा," ती वाकून म्हणाली, "हे बघा, इथे खाली लिहिलंय, चुका चालतील. वाक्य पुरं झालं की पुरे. चुकलं तर चुकू दे, तसंच पुढे जा."

शास्त्रींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या परक्या गावच्या माणसाने तिथली चाल सांगावी आणि आपण ऐकून घ्यावी, तसं. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी नदीपर्यंत पोचले. तिथे बोट घसरलं. इरावतीने त्यांच्या मनगटाकडे हात नेला आणि मधेच थांबवला. टक टक टक टक टक. आरंभापर्यंत.

एक संधी बाकी.

तिसऱ्या वेळी त्यांनी सुरुवात केलीच नाही. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ते पडद्यावरच्या करड्या बागेकडे बघत राहिले. हिरवी पट्टी निम्म्यावर आली. संधी गेली की बाग कायमची जाणार होती. आवळा त्यांनी निवडला होता. एवढं एकच.

इरावतीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि उभ्यानेच ते वाक्य लिहून टाकलं. तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. टहलनेमध्ये एक अक्षर चुकलं. ती तशीच पुढे गेली.

धन्यवाद, चौकट म्हणाली. आप इंसान हैं.

बागेत रंग परत आला. मोराने मान हलवली. खेळाने झाल्या त्रासाबद्दल वीस थेंब जास्तीचे दिले.

"झालं बघा, बाबा," ती म्हणाली. आपला आवाज दवाखान्यातल्या त्या मुलीसारखा लागला हे तिला बोलताना ऐकू आलं.

बाबांनी बागेकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. खुर्चीचा दांडा धरून ते उठले आणि गच्चीच्या दाराकडे गेले.

ती त्यांच्या जागेवर बसली. खुर्ची अजून गरम होती. आता दुसरं पान बघायला हरकत नव्हती. जे बघायचं नव्हतं ते बघून झालं होतं. रोज उठताना बाबा तो कागद कोरा करून उठत. आज चौकट मधेच आल्यामुळे ते तसेच तिला बोलवायला गेले असावेत. कागदावर एक ओळ होती, डाव्या टोकापासून थोडीशीच.

इरे, त्या दिवशी मी

एवढंच. चूक एकही नव्हती. माघापासून ते हे लिहीत होते. त्यांच्या आत एक वाक्य तयार होतं, सुरुवात असलेलं, शेवट असलेलं, आणि ते तिच्यासाठी होतं. रोज सकाळी ते त्याला आरंभापासून हात घालत होते आणि पुढचा शब्द चुकीचा आला की सगळं पुसून पुन्हा इरे म्हणत होते. ती पलीकडे पोळ्या लाटत होती.

"बाबा," तिने हाक मारली. "बाबा, इकडे या ना."

ते आले. पडद्यावरची ओळ त्यांनी पाहिली आणि उभे राहिले.

"कोणत्या दिवशी, बाबा?"

त्यांचा हात बटणांकडे गेला.

"तुम्ही नका लिहू. मी विचारते, तुम्ही नुसती मान हलवा." तिला घाई झाली होती. आता फक्त दिवस ओळखायचा होता, मग बाकीचं वाक्य कसंही करून काढता आलं असतं. "पुण्याला रिसर्चसाठी नंबर लागला होता माझा, तुम्ही म्हणालात आईला कोण बघेल, तो दिवस?"

बाबांनी मान हलवली नाही. त्यांचे डोळे मोठे झाले.

"मग ते जबलपूरचे लोक स्थळ घेऊन आले होते तो? मला न विचारता तुम्ही त्यांना नाही सांगितलंत, आणि मला मावशींकडून कळलं. तो?"

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

"आई गेली तो? मी परीक्षेच्या ड्यूटीवर होते. तुम्ही माझ्यासाठी थांबला नाहीत, मी घाटावर पोचले तेव्हा अग्नी दिलेला होता. तो दिवस का, बाबा?" तिला आपलं बोलणं थांबवता येईना. "का मी लहान होते तेव्हाचा? आतल्या खोलीतून ऐकून ऐकून मला सगळा अनुवाक आला होता. मी दारात येऊन म्हणून दाखवला, बरोबर म्हटला, आणि तुम्ही मुलांना म्हणालात, आज पाठ बंद. तो?"

खाली गल्लीत मोटारसायकलवाला गायीला बाजूला व्हायला सांगत होता.

बाबांनी कशालाच हो म्हटलं नव्हतं आणि कशालाच नाही. ते तिच्याकडे बघत होते, आणि हळूहळू तिला त्या बघण्यातलं काय ते कळलं. त्यांच्या मनात एक दिवस होता. एका दिवसाबद्दल काही सांगायचं म्हणून त्यांनी एवढे महिने घालवले होते. तिच्याजवळ इतके दिवस आहेत, आणि तिने ते असे लावून ठेवलेत, हे त्यांना माहीत नव्हतं.

"तसं नाही बाबा," ती म्हणाली. "मी नुसतं विचारलं."

शास्त्री खुर्चीवर बसले. लॅपटॉप त्यांनी आपल्यासमोर सरळ केला, कडा टेबलाच्या कडेला लावून, जसा ते रोज करत असावेत. मग बोट खोडायच्या बटणावर ठेवलं. मी गेलं. दिवशी गेलं. ती त्यांचा हात धरू शकली असती. त्या गेलं. सगळ्यांत शेवटी, एकेका अक्षराने, इरे गेलं.

ती वाट पाहत राहिली. बोट बटणावरून उचललं गेलं, थोडा वेळ हवेत राहिलं, आणि मांडीवर उतरलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली नाही.

दुपारी दोघं जेवले. तिने वाढलं, त्यांनी खाल्लं. भात संपल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवलं. लॅपटॉप खिडकीपाशी उघडाच होता. ते त्याच्यावरून नजर न अडखळता गच्चीत गेले.

मग तिने दवाखान्यात फोन लावला. सुटीमुळे कोणी उचलत नव्हतं. तिसऱ्यांदा एका माणसाने उचलला. थेरपीची जागा पावसाळ्याआधी मिळणं मुश्किल, तो म्हणाला. अटॅक कब आया था? तिने सांगितलं. तो म्हणाला, "इतने महीने हो गए? आप नाम लिखवा दीजिए, देखते हैं."

तिने नाव नोंदवलं.

संध्याकाळी कुणालचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"काय गं, सकाळी बाग करडी झाली होती, मी घाबरलोच. पण बाबांनी टेस्ट पास केली ना? काय स्पीड, ताई. बागेखाली वेळ दिलाय, अर्ध्या मिनिटाच्या आत. मी इथे सगळ्यांना दाखवलं."

इरावती गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. जाळीपलीकडे नदी होती, आणि दाराला लागूनच, जाळीला धरून बाबा.

"ते मी लिहिलं, कुणाल."

"आणि बाबा?" तो म्हणाला. "बाबांनी काय लिहिलं होतं एवढं सगळं? तू बघितलंस?"

"हो."

"काय होतं?"

तिने सांगायला तोंड उघडलं. इरे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि पुढचं वाक्य कोणाचं म्हणून सांगावं ते तिला कळेना. बाबांनी पाठमोरे असतानाच हात मागे करून दार लोटून घेतलं, जसं ते दिवेलागणीला माकडांच्या भीतीने रोज लोटत, आणि ती दाराच्या अलीकडे फोन कानाला लावून उभी राहिली.

"ताई? ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली.